वाऱ्याची वाळू ओळखण्याची कृती: माल्याचा ओढा, दिवेआगरची पुळण आणि हिमयुग

पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात माले गावाला वाळूची टेकडी शोधायला कोणी शहाणा जाणार नाही. काळा कातळ, भातखाचरं, समोर धरणाचं पाणी आणि चार महिने कोसळणारा पाऊस. वाऱ्याला वाळू उचलायची तर जमीन कोरडी आणि उघडी लागते. इथे ती बारा महिन्यांत फार तर दोन-तीन महिने तशी असते. तरीही ही कृती माल्यापासूनच सुरू करावी. वाऱ्याची वाळू ओळखायची तर आधी वाऱ्याचा हात न लागलेली वाळू डोळ्यांखालून जायला हवी, आणि ती इथल्या कुठल्याही ओढ्यात मिळते.

शेवटच्या हिमयुगाचा कळस सुमारे २१,००० वर्षांपूर्वीचा. त्या काळी आपल्याकडे हवामान कसं होतं, या प्रश्नाचं उत्तर देताना पुस्तकं वाऱ्याने साठवलेल्या वाळूकडे बोट दाखवतात. वाळू दिसली की वाळवंट, वाळवंट दिसलं की दुष्काळ, असा सरळ हिशेब मग आपणही मांडतो. तो बऱ्याचदा चुकतो. तो नेमका कुठे चुकतो हे स्वतः करून बघता यावं, म्हणून ही कृती. आठवी-नववीच्या मुलांना जमेल अशी आहे; शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर उत्तम.

सामान

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, सोनाराकडे किंवा घड्याळजीकडे असतं तसं. जुन्या स्पीकरमधलं चुंबक. पांढरं व्हिनेगर. ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा. एक काळा आणि एक पांढरा कागद, आलेखाचा कागद, झिपच्या पिशव्या, न पुसला जाणारा मार्कर. एक टेबल फॅन आणि प्लायवूडचा तुकडा. काचेच्या काही गोट्या आणि स्टीलचं ताट.

चाळण्यांसाठी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य विभागाच्या प्रयोगशाळेत विचारा. बांधकामाची वाळू तपासायला त्यांच्याकडे ६००, ३००, १५० आणि ७५ मायक्रॉनच्या चाळण्या असतातच. (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर.) नाहीच मिळाल्या, तर घरातली रव्याची आणि मैद्याची चाळण घ्या. आकडा मिळणार नाही, पण भरड, मध्यम आणि बारीक असे तीन ढीग पडतील; तेवढ्यावरही पुष्कळ कळतं.

पहिला नमुना: माल्याचा ओढा

दिवाळीनंतर, ओढ्याची धार बारीक झाल्यावर जा. धरणाच्या काठची वाळू घेऊ नका. मुळा नदीचं जुनं पात्र आणि तिच्या काठची गावं टाटांच्या धरणात बुडाली. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सुरू झालेला मुळशी सत्याग्रह याच बुडिताविरुद्ध होता. आज त्या काठावर पाणी दर वर्षी चढतं, उतरतं आणि लाटा बारीक गाळ धुऊन नेतात. म्हणजे तिथली वाळू नदीची उरलेली नाही आणि समुद्राची झालेली नाही. डोंगरातून उतरणारा बाजूचा ओढा पकडा. शेतातून जावं लागत असेल तर आधी मालकाला विचारा, आणि ताम्हिणी अभयारण्याच्या हद्दीतून काहीही उचलू नका.

ओढ्याच्या वळणाच्या आतल्या बाजूला रेव साठलेली असते. वरचा पालापाचोळा बाजूला करून दोन मुठी वाळू पिशवीत भरा. पिशवीवर जागा, तारीख आणि खोली तिथल्या तिथे लिहा. घरी जाऊन लिहू म्हटलं की दोन पिशव्यांची अदलाबदल ठरलेली. रिसॉर्टचं किंवा बंगल्याचं बांधकाम जवळ असेल तर आणखी वर सरका. मुळशीत हल्ली ट्रकमधून आलेली वाळू आणि खडी क्रशरची कच ओढ्यापर्यंत पोचलेली असते.

दुसरा नमुना: दिवेआगरची पुळण

माल्याहून ताम्हिणी घाट कोकणात उतरा. माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन करत दिवेआगरला पोचा. इथे एक नाही, दोन पिशव्या भरायच्या. पहिली भरतीच्या रेषेखालची, लाटांनी नुकतीच सोडलेली वाळू. दुसरी मागच्या बाजूला, सुरूच्या रांगेजवळच्या उंचवट्याच्या माथ्यावरची, वरच्या दोन सेंटिमीटरमधली. मुठीएवढी पुरे. वाळूच्या उंचवट्यावर मर्यादवेल पसरलेला असतो. त्याच्यावर पाय देऊ नका, कारण तो उपटला की उंचवटाही जातो.

भरण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघा. पाण्याने उमटवलेल्या वळ्या आणि वाऱ्याने उमटवलेल्या वळ्या शेजारी शेजारी दिसतात. लाटांच्या पुढे-मागे होण्याने पडलेल्या वळ्यांची दोन्ही अंगं बहुधा सारखी असतात. वाऱ्याच्या वळ्या उंचीच्या मानाने लांबट असतात. वाऱ्याकडचं अंग लांब उताराचं, पलीकडचं आखूड आणि उभं. शिवाय वाऱ्याच्या वळीच्या माथ्यावर भरड दाणे असतात, खळग्यात बारीक. बारीक दाण्यांचा मारा होऊन भरड दाणे इंच इंच सरकतात आणि माथ्यावर येऊन अडकतात. एवढी एक गोष्ट डोळ्यांना कळली तरी दिवेआगरची फेरी सार्थकी लागली असं मी म्हणेन.

उंचवट्याला पाठीमागे ताजा, कोसळता उतार दिसला तर मोबाइलमधल्या कोनमापकाने त्याचा कोन मोजा. कोरडी वाळू ३२ ते ३४ अंशांपेक्षा उभी राहत नाही, घसरते. हे घसरलेले थर एकावर एक बसून तिरपी रचना तयार होते. हजारो वर्षांनी टेकडी घट्ट झाली तरी ती रचना आत शिल्लक राहते, आणि वारा कुठून येत होता हे तिच्या कलावरून सांगता येतं. उतार खणून आत डोकावण्याचा मोह मात्र टाळा. ओली नसलेली वाळू क्षणात अंगावर येते.

दिवेआगरला एक दक्षता जास्त. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनारपट्टीवर आलं. वादळाच्या लाटा मागच्या उंचवट्यांवर चढतात आणि तिथे शंख-शिंपल्यांचे मोठे तुकडे टाकून जातात. माथ्यावरच्या वाळूत नखाएवढे शिंपले दिसले तर ते वाऱ्याने आणलेले नाहीत. ती जागा सोडा.

तिसरा नमुना: गच्चीवरची धूळ

हा नमुना पुन्हा माल्याचा, आणि मला स्वतःला सगळ्यांत आवडतो. एप्रिल-मे महिन्यात, रस्त्यापासून लांब अशा उंच गच्चीवर स्टीलच्या ताटात काचेच्या गोट्यांचे दोन थर पसरा. हवेतली धूळ गोट्यांच्या फटीत पडते आणि वाऱ्याने परत उडत नाही; धुळीचे अभ्यासक हीच युक्ती वापरतात. महिन्याने स्वच्छ पाण्यात गोट्या धुवा, पाणी गाळणकागदातून गाळा, कागद वाळवा. चिमूटभर धूळ मिळेल.

त्यातली बहुतेक धूळ स्थानिक, शेतातली आणि रस्त्यावरची. पण काही लांबून आलेली असू शकते. २३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानकडून अरबी समुद्रावरून आलेल्या धुळीने मुंबईचं आकाश झाकोळलं आणि मोटारींवर पांढरट थर बसला. हे हिवाळ्यात, एका वादळात घडलं; उन्हाळ्यातल्या ताटात तशी धूळ येईलच असं नाही.

लांबची धूळ ओळखण्याचा एक धागा म्हणजे गारगोटी, म्हणजेच क्वार्ट्झ. सह्याद्रीचा काळा दगड बेसाल्टचा आणि बेसाल्टच्या अंगात गारगोटीचे दाणे जवळजवळ नसतात. हवाई बेटंही बेसाल्टचीच. तिथल्या मातीत सापडलेली बारीक गारगोटी आशियातून समुद्र ओलांडून वाऱ्याने आली, हे तिच्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून सिद्ध झालं. आपल्याकडे मात्र कातळाच्या पोकळ्यांमध्ये अकीक, गारगोटी आणि झिओलाइटचे स्फटिक असतात. म्हणून मोठा पांढरा दाणा दिसला की तो घरचाच समजा. पाहुणा असलाच तर तो बारीक धुळीत असेल, आणि त्याच्यासाठी सूक्ष्मदर्शक लागेल.

चौथा नमुना, जमला तर

राजस्थानला सहलीला जाणारं कोणी ना कोणी ओळखीत असतंच. जैसलमेरजवळच्या समच्या टेकड्यांवरची मूठभर वाळू आणायला सांगा. उंटांच्या वाटेवरची नको.

धुणं, वाळवणं, चाळणं

प्रत्येक नमुना वेगळ्या बरणीत पाण्यात भिजवा, चिमूटभर धुण्याचा सोडा घाला, रात्रभर ठेवा. सकाळी जोरात हलवून वीस सेकंद थांबा आणि वरचं गढूळ पाणी ओतून द्या. पाणी नितळ येईपर्यंत हे करा. माल्याच्या नमुन्याला सगळ्यांत जास्त वेळ लागेल. वाऱ्याच्या वाळूला बहुधा दोन-तीन पाण्यांत पुरतं, कारण बारीक माती वाऱ्याने आधीच उडवून नेलेली असते. पाणी किती वेळा बदललं तेही वहीत लिहा, तोसुद्धा पुरावाच. दिवेआगरची वाळू साध्या पाण्याने एकदा जास्त धुवा. मीठ राहिलं तर वाळल्यावर त्याचे चौकोनी स्फटिक भिंगाखाली गारगोटीसारखे चमकतात आणि फसवतात.

उन्हात कडकडीत वाळवा. प्रत्येकी १०० ग्रॅम तोलून घ्या, चाळण्यांच्या उतरंडीतून दहा मिनिटं हलवा, प्रत्येक चाळणीवर राहिलेलं वजन लिहा आणि आलेखावर उभे स्तंभ काढा.

ओढ्याच्या वाळूचे स्तंभ पसरलेले दिसतात: खड्यापासून गाळापर्यंत सगळं थोडं थोडं. पाणी भरड गोटाही लोटतं आणि चिखलही वाहतं, धार ओसरली की सगळं एकत्र खाली बसतं. उंचवट्याच्या माथ्यावरची वाळू एका-दोन चाळण्यांवर गोळा होते. वारा धान्य पाखडणाऱ्या सुपासारखं काम करतो: भरड मागे राहतं, कोंडा उडून जातो आणि मधलं तेवढं ढिगात उरतं. वाळवंटी टेकड्यांची वाळू बहुधा १०० ते ५०० मायक्रॉनच्या पट्ट्यात सापडते. त्याहून बारीक धूळ शेकडो, कधी हजारो कि.मी. जाते.

भरतीच्या रेषेखालची वाळू माथ्यावरच्या वाळूसारखीच एकजिनसी निघाली तर दचकू नका. लाटाही चांगल्या पाखडतात, आणि माथ्यावरचा माल तिथूनच गेलेला असतो. नुसत्या चाळणीवरून ‘वाऱ्याची वाळू’ असा निकाल देणं इथेच अडतं.

भिंगाखाली

१५० आणि ३०० मायक्रॉनच्या मध्ये राहिलेला भाग घ्या. गडद दाणे पांढऱ्या कागदावर, फिके काळ्या कागदावर पसरा. पन्नास दाणे निवडा. आवडतील ते नव्हे, एका रेषेत येतील ते. प्रत्येकासमोर खूण करा: टोकदार, अर्धवट झिजलेला की गोल, चकचकीत की धुरकट.

माल्याच्या ओढ्यात काळे-करडे टोकदार तुकडे, काही गंजलेले, काही तांबड्या मातीच्या थरातले, अधूनमधून झिओलाइटचा पांढरा ठिपका. दिवेआगरला शिंपल्यांचे झिजलेले तुकडे आणि काळे जड दाणे. रत्नागिरीच्या पुळणींवर ज्या इल्मेनाइटसाठी खाणींची चर्चा होते, ते खनिज याच काळ्या वाळूच्या कुळातलं. राजस्थानच्या मुठीत मात्र फिकट, पिवळसर गारगोटीचं राज्य. तिचे दाणे एकमेकांवर आपटून पृष्ठभाग घासल्या काचेसारखा धुरकट होतो.

आता सावधगिरी. पुस्तकात लिहिलेलं असतं की वाऱ्याचे दाणे गोल. मोठ्या दाण्यांना ते बऱ्यापैकी लागू पडतं. दाणा १०० मायक्रॉनच्या आसपास आला की त्याचा आपटण्याचा जोर इतका कमी होतो की तो हजारो वर्षं उडूनही टोकदार राहतो. आणि गोल दाणा एखाद्या जुन्या वालुकाश्मातून झिजून आलेला असेल तर तो गोलपणा वारशाने मिळालेला, या वाऱ्याची कमाई नव्हे.

चुंबक आणि व्हिनेगर

चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूवरून फिरवा. पिशवी उलटी केली की चिकटलेले दाणे सुटतात. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असल्याने माल्याची वाळू पटकन चिकटते. राजस्थानची फारशी नाही.

मग प्रत्येकी १० ग्रॅम वाळू व्हिनेगरमध्ये घाला. शिंपले असतील तिथे फसफस होईल. चोवीस तासांनी धुऊन, वाळवून परत तोला. जेवढं घटलं तेवढा चुना. हा चुना पुढे पावसाच्या पाण्यात विरघळतो आणि दाण्यांना जोडतो. कोकणात किनाऱ्यालगतच्या अशा जोडल्या गेलेल्या दगडाला करल म्हणतात आणि तो बांधकामाला वापरत आले आहेत. सौराष्ट्रात हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर झाली. तिथल्या मिलिओलाइट दगडाचा बराच भाग म्हणजे समुद्रकाठचे चुनखडी कण वाऱ्याने आत नेऊन डोंगरांच्या कुशीत साठवलेले; चोटिल्याच्या टेकडीपर्यंत ते पोचले आहेत. पोरबंदरी दगड याच कुळातला. ब्रिटिश काळात तो मुंबईच्या इमारतींत भरपूर वापरला गेला, त्यामुळे फोर्टमध्ये फिरताना खिशात भिंग ठेवायला हरकत नाही.

टेबल फॅन

ही पायरी मुलांना द्या आणि आपण बाजूला उभे राहा. प्लायवूडवर कोरड्या वाळूचा आडवा बांध घाला, दोन हातांवरून फॅन लावा आणि वेग एकेक पायरीने वाढवा. धूळ एकदम उडून खोलीभर जाईल (दार उघडं ठेवा, नाकाला रुमाल बांधा). मधले दाणे उड्या मारत जातील. भरड दाणे घरंगळतील किंवा बसून राहतील. राल्फ बॅग्नोल्ड नावाच्या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटात आणि मग वाऱ्याच्या बोगद्यात हेच मोजून १९४१ मध्ये ग्रंथ लिहिला. आजही या विषयाची सुरुवात तिथून होते. कोरडी बारीक वाळू हलायला ताशी २० कि.मी.च्या आसपासचा वारा पुरतो.

आता त्याच वाळूवर स्प्रेने थोडं पाणी मारा आणि फॅन तोच ठेवा. हालचाल थांबेल. परत कोरडी वाळू घ्या आणि बांधाच्या पुढे प्लायवूडवर मळलेल्या कणकेत खराट्याच्या काड्या रोवा. वाळू काड्यांच्या मागे साठेल, पुढे जाणार नाही.

या तीन प्रयोगांत हवामानाचा सगळा प्रश्न आलेला आहे. टेकडी बनायला वाळूचा पुरवठा लागतो, जमीन कोरडी आणि उघडी लागते, आणि पुरेसा वारा लागतो. तिघांपैकी एक नसेल तर टेकडी नाही. टेकडी नाही म्हणून हवा दमट होती, असं म्हणता येत नाही. वाराच पडलेला असेल.

काळाची पट्टी

भिंतीवर २१० सेंटिमीटर लांब कागदाची पट्टी चिकटवा. एक सेंटिमीटर म्हणजे शंभर वर्षं. उजवं टोक आजचं, डावं हिमयुगाच्या कळसाचं. खुणा करा.

उजवीकडून ३६ सेंटिमीटरवर: शिरूर तालुक्यातल्या इनामगावची वस्ती, इ. स. पू. १६०० च्या सुमाराची, डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेली. ६० ते ७० सेंटिमीटरवर: समुद्र आजच्या पातळीच्या जवळ आला. ११७ वर: हिमयुग संपून आजचा काळ सुरू झाला. डाव्या टोकाला समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली. मुंबईसमोर किनारा दोनशेहून अधिक कि.मी. पश्चिमेला होता. दिवेआगरला तेव्हा पुळण असण्याचा प्रश्नच नव्हता. तिथून समुद्र दिसतही नसणार. म्हणून दिवेआगरचे उंचवटे हिमयुगाचे नाहीत. ते पट्टीच्या उजव्या तिसऱ्या हिश्शातले. हिमयुगातल्या किनाऱ्याची पुळण आज अरबी समुद्राच्या तळाशी आहे. दिवेआगरला आपण ओळख शिकायला गेलो होतो, पुरावा गोळा करायला नव्हे.

हिमयुगाच्या वाऱ्याच्या वाळूचा पुरावा थरच्या वाळवंटात आहे आणि त्याच्याशी पुण्याचं नातं जुनं आहे. राजस्थानात डिडवाण्याजवळ ‘१६ आर’ नावाने ओळखली जाणारी एक वाळूची टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्र आणि शरद राजगुरू यांनी सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकात तिथे काम केलं. सुमारे १८ मीटर खोल छेदात वाळूचे थर, मधे मधे चुनखडीचे कंकर आणि अश्मयुगीन हत्यारं मिळाली. वाळूचा थर म्हणजे वारा चालू होता. कंकराचा थर म्हणजे टेकडी स्थिर झाली, वर माती आणि झुडपं आली, पाऊस मुरला. टेकडी सलग वाढलेली नाही, थांबत थांबत वाढली.

अशा वाळूचं वय काढताना अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत अशोक सिंघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीप्तिमापनाची पद्धत वापरली. गारगोटीचा दाणा उडताना उन्हात येतो तेव्हा त्याच्यात साठलेली ऊर्जा पुसली जाते. गाडला गेला की आजूबाजूच्या किरणोत्सारामुळे ती पुन्हा साठू लागते. प्रयोगशाळेत ती प्रकाशाच्या रूपात मोजली की शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं. म्हणूनच नमुना अपारदर्शक नळी ठोकून, अंधारात काढावा लागतो. तुमच्या झिपच्या पिशवीतल्या वाळूचं वय आता कोणी सांगू शकणार नाही. माल्याच्या ओढ्यातल्या वाळूत तर गारगोटी जवळजवळ नाहीच.

आता पट्टीवर थरच्या टेकड्यांची रेघ काढा. हिमयुगाचा कळस सर्वांत कोरडा, तेव्हा टेकड्याही तेव्हाच वाढल्या असतील, असा आपला अंदाज. पण वयांची गर्दी दिसते ती कळसानंतर, साधारण १७,००० ते ९,००० वर्षांपूर्वीच्या पट्ट्यात. कळसाला डिडवाण्याचं तळं खारट झालं होतं, पाऊस कमी होता, हे खरं. पण थरची वाळू हलवतो तो उन्हाळ्यातला नैर्ऋत्य वारा, आणि तो मॉन्सूनचाच भाग. मॉन्सून मंदावला तेव्हा वाराही मंदावला. पुढे वारा जोर धरू लागला, पण जमिनीवर गवत बसायला पुरेसा पाऊस यायला वेळ लागला. त्या मधल्या काळात टेकड्या वाढल्या. टेबल फॅनचा वेग वाढवला आणि काड्या अजून रोवल्या नव्हत्या, ती अवस्था. शिवाय कळसाच्या वेळी साठलेली थोडीफार वाळू नंतरच्या जोरदार वाऱ्याने पुन्हा उडवली असेल, तर तिचं वयही नंतरचंच येणार.

मग माल्याला काय होतं?

आज माल्याच्या पश्चिमेला घाटमाथ्यावर वर्षाला पाच हजार मि.मी.च्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला बारामतीकडे पाचशेच्या आसपास. मॉन्सून मंदावला की हा उतरता पट्टा पश्चिमेकडे सरकतो. त्याचा पुरावा जिल्ह्यात वाळूच्या टेकड्यांत नाही, नद्यांच्या काठावर आहे. पूर्वेकडे मुळा-मुठा, घोड, भीमेच्या उंच दरडींमध्ये कंकर असलेला पिवळसर तपकिरी गाळ दिसतो. विश्वास काळे आणि शरद राजगुरू यांनी १९८७ मध्ये ‘नेचर’मध्ये दख्खनच्या वायव्य पठारावरच्या नद्यांचा इतिहास मांडला. नद्यांनी पात्र भरून काढण्याचे आणि खोल कापण्याचे टप्पे त्यांनी मॉन्सूनच्या चढ-उताराशी जोडले. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण्याला शा. अ. साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा मिळाला, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. खानदेशात शहामृग म्हणजे मोकळं, कोरडं गवताळ रान.

आणि वाऱ्याने आणलेला थर पुणे जिल्ह्यात हवाच असेल, तर जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरीला जा. तिथे गाळाच्या मधोमध ज्वालामुखीच्या राखेचा फिका थर आहे. बारामती तालुक्यात कऱ्हेकाठी मोरगावलाही तशीच राख मिळाली. काहींच्या मते ही सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या स्फोटाची राख. काहींनी बोरीच्या राखेचं वय त्याहून कितीतरी पट जुनं काढलं आहे. थर उकरू नका. खाली पडलेली चिमूट पुरे. सूक्ष्मदर्शकात फुटलेल्या बुडबुड्यांच्या वक्र, पारदर्शक काचा दिसतात. ही राख समुद्रापलीकडून आणली वाऱ्याने, पण एका जागी गोळा केली नदीने. एकाच दाण्याचे दोन हमाल असू शकतात, हे वहीत ठळक लिहा.

वही आणि बरण्या

प्रत्येक नमुन्यासमोर तीन ओळी. पहिली: काय दिसलं. दुसरी: कोणी वाहून आणलं असावं आणि कोणत्या दोन पुराव्यांवरून, एकाच पुराव्यावर ही ओळ लिहायची नाही. तिसरी: वय माहीत आहे का. तिसरी ओळ रिकामी असेल तर हवामानाबद्दल चौथी ओळ लिहू नका.

उरलेली वाळू छोट्या काचेच्या बाटल्यांत कोरडी ठेवा, चिठ्ठी बाटलीच्या आतही टाका. बाहेरची शाई पावसाळ्यात जाते. आणि दिवेआगरची जास्तीची वाळू माल्याच्या ओढ्यात नेऊन ओतू नका. पुढच्या वर्षी येणाऱ्या पोरांच्या नमुन्यात शिंपले निघाले, तर ती मुळशीपर्यंत समुद्र आणून ठेवतील.